न बोललेले दुखणे : योनिमार्गाचे अनैच्छिक आकुंचन आणि त्यावरील उपचार

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नाही, म्हणून सासूबाई सुनेला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे येतात. रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते. सर्व अहवाल निर्दोष येतात. शेवटी डॉक्टर सासूबाईंना बाहेर बसावयास सांगतात आणि सुनेला एकटीला विचारतात, तेव्हा बऱ्याच वेळाने खाली मान घालून उत्तर मिळते की, पतिपत्नींचा शरीरसंबंध आजवर एकदाही पूर्ण होऊ शकलेला नाही. प्रयत्न केला की अंग आपोआप आवळले जाते आणि असह्य वेदना होतात.

स्त्रीरोग विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना, मग ते शहरातील असोत वा तालुक्याच्या गावचे, हा प्रसंग अपरिचित नाही. मूल होत नाही हे गाऱ्हाणे घरात उघडपणे मांडता येते. त्यामागचे खरे दुखणे मात्र मांडता येत नाही. म्हणून ते वंध्यत्वाचे रूप घेऊन दवाखान्यात येते. कित्येकदा तेही होत नाही आणि वर्षामागून वर्षे मुकाट्याने निघून जातात.

या दुखण्यास वैद्यकशास्त्रात ‘व्हजायनिस्मस’ असे नाव आहे. योनिमार्गाभोवतीच्या स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन, असा त्याचा अर्थ सांगता येईल. हे दुखणे नवीन नाही आणि असाध्य तर मुळीच नाही. योग्य उपचार मिळाल्यास बहुसंख्य स्त्रियांना गुण येतो. परंतु या विषयावर कोणाशी व कोणत्या शब्दांत बोलावे हेच ठाऊक नसल्यामुळे उपचारांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाट अडते. ती वाट मोकळी व्हावी म्हणून या दुखण्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नेमके काय होते?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा झोळीसारखा एक पडदा असतो. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तो खालून आधार देतो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते याच पडद्यातील होत. योनिमार्ग या स्नायूंमधूनच जातो. एरवी हे स्नायू गरजेप्रमाणे आवळतात व सैल होतात.

डोळ्याजवळ एकाएकी काही आले की पापणी मिटते. त्यासाठी कोणी विचार करीत नाही, आणि ‘मिटू नकोस’ असे सांगून पापणी थांबत नाही. व्हजायनिस्मसमध्ये अशाच प्रकारची क्रिया योनिमार्गाभोवतीच्या स्नायूंमध्ये घडते. आता वेदना होणार अशी सूचना मेंदूला मिळते आणि शरीर स्वतःच्या रक्षणासाठी दार लावून घेते. मांड्या जवळ येतात, श्वास रोखला जातो, घाम फुटतो. आवळलेल्या स्नायूंवर दाब पडला की खरोखरच वेदना होते. त्या वेदनेमुळे पुढच्या वेळची भीती वाढते आणि भीतीमुळे आकुंचन अधिक घट्ट होते. भीती, आकुंचन, वेदना आणि पुन्हा भीती असे हे चक्र आहे.

ही क्रिया केवळ शरीरसंबंधाच्या वेळीच होते असे नाही. डॉक्टरांनी आतून तपासणी करताना, योनिमार्गातून सोनोग्राफी करताना किंवा मासिक पाळीसाठी कप वापरताना हाच अनुभव येऊ शकतो. काही स्त्रियांना हा त्रास पहिल्या प्रयत्नापासून असतो. त्यास प्राथमिक प्रकार म्हणतात. काहींच्या बाबतीत कित्येक वर्षे सुरळीत गेल्यानंतर बाळंतपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा रजोनिवृत्ती यांनंतर तो सुरू होतो. हा दुय्यम प्रकार होय. पतीविषयीचे प्रेम व शरीरसुखाची इच्छा या दोन्ही गोष्टी पुष्कळ स्त्रियांमध्ये शाबूत असतात. मनाची इच्छा आणि स्नायूंचे वर्तन यांत मेळ बसत नाही, हीच या दुखण्यातील खरी कुचंबणा आहे.

जुने दुखणे, नवी दृष्टी

अमेरिकन शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांनी १८६१ मध्ये लंडन येथील प्रसूतिशास्त्रविषयक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात हे नाव प्रथम वापरले. त्यांचा भर शस्त्रक्रियेवर होता. पुढे मत पालटले. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पति-पत्नी दोघांना एकत्र समजावून, टप्प्याटप्प्याने करावयाच्या उपचारांची पद्धत मांडली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात, तसेच जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात वेदना, भीती व स्नायूंचे आकुंचन यांचा एकत्रित विचार करण्यात आला आहे. दुखणे शरीराचे की मनाचे, या वादात न पडता दोहोंवर एकाच वेळी उपचार करावेत, असा या दृष्टीचा व्यावहारिक अर्थ आहे.

महाराष्ट्राला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. पुढील काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकशास्त्राचा विभाग उभा केला. अशा प्रश्नांना शास्त्रीय उत्तर मागण्याची परंपरा येथे आहे. ती घराघरांत पोहोचणे मात्र बाकी आहे.

कारणे आणि गैरसमज

या दुखण्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. पहिल्या रात्रीविषयी मैत्रिणींकडून वा नात्यातील स्त्रियांकडून ऐकलेल्या भयंकर गोष्टी, स्वतःच्या शरीराविषयीचे अज्ञान, या विषयाचा उच्चारही पाप मानणारे संस्कार, पुरेशी ओळख होण्यापूर्वी केलेली घाई, लहान घरात भिंतीपलीकडे माणसे झोपलेली असल्याचा संकोच, अशी अनेक कारणे एकत्र येतात. काहींच्या बाबतीत पूर्वी झालेला लैंगिक अत्याचार हे कारण असते. परंतु प्रत्येकीच्या बाबतीत तसे गृहीत धरणे चुकीचे आहे.

शारीरिक कारणेही महत्त्वाची आहेत. जंतुसंसर्ग, बाह्य जननेंद्रियांच्या त्वचेचे विकार, तेथील मज्जातंतूंची वेदना, एंडोमेट्रिओसिस, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा, क्वचित जन्मतः असलेला जाड पडदा, यांपैकी काही असल्यास वेदनेचे मूळ तेथे असू शकते. म्हणूनच ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून हे दुखणे सोडून देता येत नाही.

कौमार्यपटलाविषयीच्या समजुती भीतीत भर घालतात. हे पटल म्हणजे योनिमुखाशी असलेली त्वचेची लवचिक घडी असते. तिचे स्वरूप प्रत्येकीत वेगळे असते आणि पहिल्या संबंधाच्या वेळी रक्तस्राव होतोच असे नाही. कौमार्यचाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले आहे.

घरात या दुखण्याचे अर्थ निराळेच लावले जातात. ‘हिला नवरा पसंत नाही’, ‘ही नाटक करते’, ‘हिला बाहेरचे काही झाले आहे’ असे म्हटले जाते आणि देवऋषी, गंडेदोरे यांत वेळ व पैसा जातो. कोणी पतीला ‘थोडी जबरदस्ती कर’ असा सल्ला देतात. या सल्ल्याइतके घातक दुसरे काही नाही. बळजबरीने झालेली प्रत्येक वेदना त्या चक्राला अधिक गती देते आणि पत्नीच्या मनातील विश्वासही मोडते.

पतीची स्थितीही कठीण असते. आपण नाकारले गेलो असे त्याला वाटते, मित्रांत बोलता येत नाही, आणि वारंवारच्या अपयशाने त्याच्या स्वतःच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. अखेर सुनेला माहेरी पाठविले जाते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १२ नुसार, जोडीदाराच्या असमर्थतेमुळे शरीरसंबंध झाला नसल्यास विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. उपचारांनी बरे होऊ शकणारे दुखणे, ते वेळीच सांगितले न गेल्याने, न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाऊ शकते.

डॉक्टरांशी बोलताना

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांपासून करावी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनही पुढील रुग्णालयासाठी चिठ्ठी घेता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग व मानसोपचार हे विभाग व फिजिओथेरपीची सोय साधारणपणे एकाच आवारात मिळते. या दुखण्याला तिन्हींची मदत लागू शकत असल्याने ते सोयीचे ठरते.

जाण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्रास केव्हा सुरू झाला. पहिल्यापासून आहे की नंतर उद्भवला. दुखते ते तोंडाशी की आत. जळजळ होते की काही अडल्यासारखे वाटते. मासिक पाळी, बाळंतपण, शस्त्रक्रिया व चालू औषधे. आतापर्यंत काय करून पाहिले. आणि सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. तोंडाने सांगणे अशक्य झाले तर हा कागदच डॉक्टरांच्या हाती द्यावा. तेही सांगणेच आहे.

पहिले वाक्य अवघड असते. ते पुढीलप्रमाणे असू शकते : “डॉक्टर, आमचा संबंध होऊ शकत नाही. प्रयत्न केला की माझे अंग आपोआप आवळते आणि फार दुखते. आतून तपासायचीही मला भीती वाटते.” एवढ्या तीन वाक्यांत डॉक्टरांना पुष्कळ काही समजते. शब्द शुद्ध वा शास्त्रीय असण्याची गरज नाही. घरच्या बोलीतही हे सांगता येते. सोबत सासूबाई, आई वा नणंद असतील आणि त्यांच्यासमोर बोलणे नको असेल, तर ‘मला थोडे एकटीने बोलायचे आहे’ असे निःसंकोच सांगावे. पतीस बरोबर आत न्यावे की नाही, हेही स्त्रीने स्वतः ठरवावे.

तपासणीची भीती हे दवाखान्यात न जाण्याचे मोठे कारण असते. तथापि, पहिल्याच भेटीत आतून तपासणी झालीच पाहिजे असे नाही. पहिली भेट केवळ बोलण्यासाठी असू शकते. पुढे तपासणी करावयाची तेव्हा ती का व कशी करणार, हे आधी विचारावे. हात वर केला की थांबावयाचे, असा संकेत डॉक्टरांशी ठरवून घ्यावा. प्रथम फक्त बाहेरून पाहणे, नंतर इच्छा असल्यास एका बोटाने तपासणे, अशा पायऱ्यांनी जाता येते. तपासणीचे उपकरण लागलेच तर ते सर्वांत लहान आकाराचे घ्यावे, अशी विनंती करता येते. कोणत्याही टप्प्यावर ‘आज एवढेच पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार स्त्रीला आहे.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत खाजगीपणा व गोपनीयता यांचा समावेश आहे. पुरुष डॉक्टरांनी तपासणी करताना दुसरी स्त्री उपस्थित असावी, हाही रुग्ण स्त्रीचा हक्क मानला आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही रुग्ण हक्कांच्या सनदेचा अंतर्भाव करण्यात आला आहे. स्त्रीने डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीवाचून घरच्यांना कळता कामा नये.

‘जरा अंग सैल सोडा’, ‘एक मूल झाले की सगळे ठीक होईल’ एवढे सांगून बोळवण झाली, तर खचून जाऊ नये. शांतपणे पुढील प्रश्न विचारावेत : या वेदनेमागे कोणते शारीरिक कारण असू शकते? ते तपासले आहे काय? या त्रासावर फिजिओथेरपी वा समुपदेशन कोठे मिळेल? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. बसस्थानकाच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

अविवाहित तरुणींनाही हा त्रास असू शकतो व त्यांनाही उपचारांचा तितकाच अधिकार आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत चालणाऱ्या ‘मैत्री’ केंद्रांत शरीरविषयक शंका विचारता येतात.

उपचार कसे होतात?

पहिला उपचार म्हणजे माहिती. शरीराची रचना चित्रावरून वा आरशाच्या साहाय्याने समजली की निम्मी अनामिक भीती ओसरते. तपासणीत जंतुसंसर्ग, कोरडेपणा वा अन्य विकार आढळल्यास त्यावर औषधे दिली जातात.

दुसरी पायरी स्नायूंच्या शिक्षणाची. संथ श्वासोच्छ्वास करीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हेतुपूर्वक आवळणे व मग पूर्ण सैल सोडणे, हे फिजिओथेरपिस्ट शिकवितात. येथे सैल सोडण्यालाच अधिक महत्त्व आहे. बाळंतपणानंतर सांगितले जाणारे केवळ आवळण्याचे व्यायाम ऐकीव माहितीवर करू नयेत. आधीच ताठ असलेल्या स्नायूंचा ताण त्याने वाढू शकतो.

तिसरी पायरी हळूहळू सवय करण्याची. यासाठी स्वतःचे स्वच्छ बोट किंवा ‘डायलेटर’ नावाची गुळगुळीत, क्रमाने जाड होत जाणारी साधने वापरतात. सर्वांत लहान साधन साधारण करंगळीएवढे असते. भरपूर वंगण लावून, एकांतात, घाई न करता ते वापरावयाचे असते. एक आकार विनासायास जमू लागला की पुढचा घ्यावयाचा. साधन स्त्रीच्या स्वतःच्या हाती असते, यातच या उपचाराचे मर्म आहे. केव्हा थांबावयाचे हे तीच ठरवीत असल्याने, योनिमार्गात काही गेले म्हणजे वेदना होतेच असे नाही, हे मेंदू अनुभवाने शिकतो. या काळात शरीरसंबंधाचा प्रयत्न पती-पत्नींनी आपसांत ठरवून थांबवावा. जवळीक, स्पर्श, गप्पा यांना मात्र बंदी नाही.

याच्या जोडीला समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञ भीतीच्या विचारांवर काम करतात. शक्य असल्यास पतीलाही सोबत घेतात. एवढ्याने गुण न आल्यास काही तज्ज्ञ आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. या उपयोगाचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रथम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि, हा पहिला उपाय नव्हे आणि त्यानंतरही सरावाची गरज राहते. मद्य घेणे किंवा स्वतःच्या मनाने बधिर करणारी मलमे लावणे, हे उपाय करू नयेत.

उपचारांना काही आठवडे ते काही महिने लागतात. मध्येच एखादे पाऊल मागे पडते. त्याचा अर्थ उपचार फसले असा नसून, आधीच्या पायरीवर आणखी थोडे थांबावयाचे, एवढाच असतो.

मूल हवे असल्यास या दुखण्यामुळे गर्भधारणेची क्षमता नष्ट होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गर्भाशयात शुक्रबीज सोडण्यासारख्या पद्धतींनी गर्भधारणा होऊ शकते. परंतु त्याने मूळ दुखणे जात नाही. गर्भारपणात प्रसूतितज्ज्ञांना या त्रासाची कल्पना दिल्यास तपासण्या बेताने व जपून करता येतात.

घरच्यांची साथ

या उपचारांत पतीइतका मोठा साहाय्यक दुसरा नाही. ‘यात तुझा दोष नाही, आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ’ हे त्याचे एक वाक्य औषधाच्या जोडीचे काम करते. ज्या सासूबाई नातवंडाच्या ओढीने सुनेला दवाखान्यात आणतात, त्यांनी तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू दिले तरी मोठे काम होईल.

डॉक्टर व परिचारिका यांच्याकडेही एक साधा उपाय आहे. वंध्यत्वाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीला, महागड्या तपासण्यांची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी, एकांतात ‘संबंधांच्या वेळी काही त्रास होतो का?’ असे विचारावे. आशा सेविकांनाही नवविवाहितांशी बोलताना हा प्रश्न विचारता येईल. मनावरील ताण असह्य होत असल्यास १४४१६ या शासनाच्या ‘टेलि-मानस’ दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

डोके दुखले, पोट दुखले की माणूस डॉक्टरांकडे जातो व तसे सांगतो. हे दुखणेही शरीराचेच आहे. ते सांगण्यात लाज नाही आणि ऐकून घेण्यात कमीपणा नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना वर दिलेली तीन वाक्ये लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवावा, एवढीच या वाटेवरील पहिली पायरी आहे.